पहिली सुपारी
(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कलावंत तरुणांस मार्गदर्शन' असे भारदस्त शब्द छापलेले आहेत. गाणे कसे गावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते तुमचे गुरुजी सांगतील. परंतु पुष्कळ वर्षे उत्सवांची व्यवस्था पाहिली, कलावंतांना बोलावण्याची पत्रे लिहिली, मांडवाच्या दारात उभे राहून त्यांची वाट पाहिली. त्यामुळे बोलावणाऱ्याच्या मनात काय चालते हे मला थोडेफार ठाऊक आहे. तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या समाजातील सहा मुलामुलींनी मिळून एक वाद्यवृंद काढला आहे. दोन गळे, एक कीबोर्ड, एक गिटार, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड. मराठी भावगीते, नाट्यपदे आणि जुनी हिंदी चित्रपटगीते ते बसवतात. आठ महिने गच्चीवरच्या खोलीत तालीम चालली आहे. कार्यक्रम मात्र एकही झालेला नाही. मला भेटून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काका, आम्हांला बोलावणार कोण?" हा प्रश्न लहान नाही. माझ्या पाहण्यात बेसूर गाण्याने मोडलेले वाद्यवृंद थोडे. तारीख नसल्यामुळे मोडलेले पुष्कळ. ज्या तालमीपुढे तारीख नाही ती तालीम पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीला विरून जाते. एकाला नोकरी लागते, दुसरीची परीक्षा येते, आणि वाद्ये कपाटावर चढतात.

प्रथम एक शंका दूर करतो. काही वडील मंडळी म्हणतात, "ही मुले दुसऱ्यांचीच गाणी गातात, ह्यात त्यांचे काय?" मी विचारतो, आपण सर्व इतकी वर्षे दुसरे काय ऐकत आलो? 'संगीत स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले ह्याच बडोद्यात फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले. ती पदे बालगंधर्वांनी गायिली, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आपल्याकडील प्रत्येक पिढी ती गात आली. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित होऊ लागले. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडके ह्यांच्या चाली. ती गीते बाबूजींपुरती राहिली असती, तर गावोगावच्या रामनवमीच्या उत्सवात आज ती ऐकू आली असती काय?

परदेशातही हेच दिसते. बीटल्स म्हणून जगभर गाजलेली लिव्हरपूलची पोरे ऑगस्ट १९६० मध्ये जर्मनीतील हॅम्बर्ग शहरी एका सामान्य रात्रगृहात वाजवू लागली. रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास. गाणी बहुतेक दुसऱ्यांची. इतका वेळ भरून काढावयाचा म्हणून त्यांना नवनवी गाणी बसवावी लागली, आणि तीच त्यांची पाठशाळा झाली. १९६३ साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यातही चौदांपैकी सहा गाणी इतरांची होती. तेव्हा दुसऱ्याचे गाणे चोख गाणे ह्यात कमीपणा नाही. मूळ गीतकार, संगीतकार आणि गायक ह्यांची नावे निवेदनात न चुकता घेतली म्हणजे झाले.

आता मुख्य मुद्दा. तमाशा, बँड आणि वाद्यवृंद ह्यांच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला 'सुपारी' म्हणतात. गुन्हेगारांनी हा शब्द अलीकडे बदनाम केला. पण मुळात तो मंगल आहे. सुपारी हातावर ठेवली म्हणजे दोघांनीही वचन दिले. ह्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सुपारी ही गुणाला मिळत नाही, भरवशाला मिळते. गणेशोत्सवाच्या कार्यवाहाला रात्री झोप का लागत नाही? कलावंत चांगला गाईल की नाही म्हणून नव्हे. तो वेळेवर येईल की नाही, तीनशे माणसे बसवून ठेवावी लागतील की काय, ह्या काळजीने. तुमचे नाव ज्याने ऐकलेले नाही तो ही जोखीम घेणार नाही. म्हणून पहिली सुपारी अनोळखी माणसाकडे मागू नका. ज्यांना तुमचा चेहरा आणि तुमचे घर ठाऊक आहे त्यांच्यापासून आरंभ करा.

मात्र मागावयास जाण्यापूर्वी शिदोरी बांधा. दहा-बारा गाणी येतात म्हणजे कार्यक्रम तयार झाला असे नव्हे. एक गाणे साधारण पाच मिनिटांचे, त्यापुढे मिनिटभर निवेदन. म्हणजे दोन तासांना वीस गाणी लागतात. फर्माइशींसाठी आणखी पाच हाताशी हवीत. पंचवीस गाणी पाठ, वही न पाहता, एवढी पुंजी झाल्याशिवाय दोन तासांचा शब्द देऊ नका. तोपर्यंत अर्ध्या तासाचा आणि तासाभराचा असे दोन छोटे कार्यक्रम बांधून ठेवा. नव्या मंडळींना पहिली संधी बहुधा अर्ध्या तासाचीच मिळते, आणि अर्धा तास सुंदर झाला तर लोक "अजून हवे होते" म्हणत घरी जातात. ह्यासारखी जाहिरात दुसरी नाही.

कार्यक्रम प्रसंग पाहून बांधा. मंगळागौरीला एक गाणे, सहस्रचंद्रदर्शनाला दुसरे, लग्नाच्या आदल्या रात्री तिसरे. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या सत्काराला कालची नाचाची गाणी वाजवू लागलात तर पाहुणे ताटे घेऊन दुसऱ्या खोलीत जातील.

शिदोरी झाली, आता दारे कोणती ठोठवावयाची? पहिले दार घरचे. वाढदिवस, साठी, बारसे, हळदीकुंकू. दिवाणखान्यात तीस माणसांपुढे ध्वनिक्षेपकाशिवाय गा. गळा उघडा पडतो आणि भीती मोडते. दुसरे दार राहत्या सोसायटीचे, तिसरे ज्येष्ठ नागरिक संघाचे. त्यांची बैठक नियमाने भरते, जुन्या गाण्यांवर त्यांचे प्रेम असते, आणि त्या सभेत बसलेल्या प्रत्येक आजीआजोबांच्या घरी वर्षभरात एखादे कार्य निघतेच. चौथे दार शाळांच्या स्नेहसंमेलनाचे आणि कारखान्यांच्या वसाहतींचे. बडोद्याभोवती खतांच्या आणि तेलाच्या कारखान्यांच्या वसाहती आहेत. तेथे गणपतीही बसतो आणि नवरात्रही होते.

पाचवे दार पुष्कळांना सुचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. गावात कोणाकडे कार्य आहे ही बातमी सर्वांत आधी कोणाला कळते? मांडववाल्याला, आचाऱ्याला, मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्याला. यजमान त्यांनाच विचारतो, "गाणारे कोणी ठाऊक आहेत काय?" ह्या चौघांशी ओळख ठेवा, त्यांच्या माणसांशी अदबीने वागा. तुम्ही त्यांची तार तोडली नाही, जागा वेळेवर मोकळी केली, तर ते तुमचे नाव आपणहून सांगतील.

सहावे दार म्हणजे जुन्या कलावंतांचे. एखाद्या मुरलेल्या वाद्यवृंदाकडे किंवा भजनी मंडळाकडे जाऊन म्हणा, "मध्यंतरानंतर आम्हांला पंधरा मिनिटे द्या. मोबदला नको." एखादे दिवशी त्यांचा तबलजी आजारी पडेल, एखादे दिवशी दोन सुपाऱ्या एकाच तारखेला येतील, तेव्हा त्यांना तुमची आठवण होईल. त्यांना प्रतिस्पर्धी समजून त्यांची निंदा करीत फिराल तर हे दार कायमचे मिटेल.

केव्हा मागावे ह्यालाही शास्त्र आहे. गणेशोत्सवाचा कार्यक्रम भाद्रपदात मागणारा मूर्ख ठरतो. मंडळांच्या बैठका आषाढातच होतात. दिवाळी पहाटेची बोलणी गणपती उठण्यापूर्वी झाली पाहिजेत. वर्षाचे पंचांग पुढे घ्या आणि खुणा करा: गुढीपाडवा, रामनवमी, मंगळागौरी, गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, संक्रांतीचे हळदीकुंकू, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. आणि १ मे विसरू नका. १९६० साली त्याच दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये अस्तित्वात आली. बडोद्याच्या मराठी माणसाला तो दिवस दोन्हींकडून आपला आहे. त्या दिवशी अर्धी गाणी मराठी आणि अर्धी गुजराती असा कार्यक्रम करणारा वाद्यवृंद दोन्ही समाजांत बोलावला जाईल. नवरात्रात मोठ्या मैदानांवर तुम्हांला कोणी चढू देणार नाही. पण शेरी गरबा आहे. दोन-अडीच तास खंड न पडू देता ठेका धरून ठेवणे ही मोठी तालीम आहे. ती ज्याने पेलली त्याला पुढे कोणत्याही मांडवाची भीती नाही.

मागताना काय द्यावे? एक पान पुरे. तुम्ही कितीजण, कार्यक्रम किती मिनिटांचा, बसण्यास जागा किती, विजेची जोडणी कोठे लागेल, ध्वनिक्षेपक तुमचा की यजमानांचा, आणि बिदागी किती. खाली एकाच माणसाचा दूरध्वनी क्रमांक. सहाजणांचे सहा क्रमांक दिलेत की सहा उत्तरे मिळतात आणि यजमान घाबरतो. हल्ली भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाठवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करा, पण वीस चित्रफिती पाठवून कोणाला छळू नका. दोनच गाणी पाठवा, खऱ्या श्रोत्यांपुढे गायिलेली, फार सजावट न केलेली. पाहणाऱ्याला एवढेच हवे असते, की ही मुले समोर बसूनही अशीच गातील.

दोन गोष्टी कायद्याच्या. मोकळ्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाही, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. सणासुदीला वर्षातून काही ठरावीक दिवस, पंधराच्या आत, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तेव्हा उघड्या मांडवात पावणेदहाला शेवटचे गाणे सुरू करण्याची शिस्त ठेवा. पोलिसाने बंद पाडलेला कार्यक्रम कितीही रंगलेला असला तरी पडलेलाच म्हणावयाचा.

दुसरी गोष्ट गीतांच्या हक्काची. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हौशी मंडळाला, श्रोत्यांकडून पैसे न घेता किंवा धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या कार्यक्रमात ही गीते गाण्याची मोकळीक दिली आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, तसेच लग्नाची वरात आणि लग्नाला जोडून होणारे समारंभ ह्यांत गाण्यासही तीच मोकळीक आहे. पण तिकीट लावून कार्यक्रम कराल, उपाहारगृहात गाल, तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी परवाना लागतो. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी असे परवाने देते. तो कोणी काढावयाचा हे यजमानाशी आधीच बोलून घ्या. ज्यांच्या गाण्यावर आपण टाळ्या मिळवतो त्यांचा वाटा त्यांना पोचला पाहिजे.

आता ज्या विषयावर आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही तो विषय काढतो: पैसा. मुंबई-पुण्याहून कलावंत आले की आपण रेल्वेचे भाडे देतो, उतरण्याची सोय करतो, पाकीट देतो, शाल घालतो. आणि आपल्याच मुलांना म्हणतो, "अरे, तुम्ही घरचीच!" घरचीच खरी, पण ढोलकीची शाई घरी उगवत नाही, गिटारच्या तारांना दुकानदार पैसे मागतो, आणि वाद्यांची गाडी पेट्रोलवर चालते. घरच्यांना फुकट आणि पाहुण्यांना पाकीट, हा न्याय पुष्कळ वर्षे चालला. त्याचे फळ असे, की आपल्यातली चांगली गाणारी मुले पंचविशीनंतर गाईनाशी होतात.

मुलांनाही सांगतो, पहिल्याच दिवशी मोठ्या बिदागीचा हट्ट धरू नका. पहिले तीन कार्यक्रम आपल्या माणसांत विनामूल्य करा. तीनच, चौथा नाही. त्या तिन्हींतही येण्याजाण्याचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च यजमानाने द्यावा. आणि विनामूल्य गातानाही कागदावर बिदागीचा आकडा लिहून त्यापुढे 'सप्रेम माफ' असे लिहा. आकडा न लिहिलेली गोष्ट लोक फुकट समजतात. लिहून माफ केलेली गोष्ट देणगी ठरते. चौथ्या कार्यक्रमापासून इसार घ्या आणि उरलेली रक्कम कार्यक्रम संपताच मागा. मागण्याचे काम गायकाने करू नये, हिशेब ठेवणाऱ्याने करावे. आलेल्या पैशाची वाटणी पहिल्या दिवशीच ठरवा. सारखे सहा वाटे आणि सातवा वाटा वाद्यांच्या दुरुस्तीसाठी. तारीख नसल्याने मोडतात त्यापेक्षा थोडेच कमी वाद्यवृंद वाटणीवरून मोडतात.

पहिला कार्यक्रम मिळाला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे त्या संध्याकाळी होते. दोन तास आधी पोचा. आवाजाची जुळवाजुळव श्रोते येण्यापूर्वी संपवा. "हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन" हे कोणाला ऐकावयाचे नसते. पुढच्या रांगेत म्हातारी माणसे असतील तर आवाज बेताचा ठेवा. एखाद्या आजींनी गाणे सुचवले आणि ते येत नसेल तर त्याच संगीतकाराचे दुसरे म्हणा. चूक झाली तर एकमेकांकडे रागाने पाहू नका. श्रोत्यांना चूक कळत नाही, राग कळतो. ठरलेल्या वेळी संपवा. दुसऱ्या दिवशी यजमानाला आभाराचे चार शब्द कळवा आणि विचारा, "आपल्या ओळखीत आणखी कोणाकडे कार्य आहे काय?" अशी एकाची दोन घरे होतात, दोघांची चार.

शेवटी विश्वस्त मंडळींना विनंती. ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा उघडली, जेथे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, जेथे कमाटी बागेत बँड वाजवणाऱ्यांसाठी खास चौथरा बांधलेला आहे, त्या नगरीत गाणाऱ्या पोरांना जागेसाठी वणवण करावी लागू नये. महाराजांनी कलावंत बाहेरून आणले, आणि त्यांच्याकडून येथली मुले शिकतील अशी सोयही केली. आपण पहिली गोष्ट उचलली, दुसरी विसरलो.

आपल्या न्यासाने पंचाहत्तर वर्षे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना औषधे दिली. ह्या वर्षी आणखी एक दान करा, ज्याला फारसे पैसे पडत नाहीत. लग्नसराई सोडून महिन्यातील एक संध्याकाळ आपले सभागृह नव्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मोकळे द्या. बाहेरचा कलावंत बोलवाल तेव्हा त्याच्या आधीची वीस मिनिटे आपल्या मुलांची, असा ठराव करा. आणि त्यांना पाकीट द्या, लहान का होईना. त्यांची इच्छा असेल तर ते पाकीट ती न्यासाला परत देणगी देतील. पण आधी ते त्यांच्या हाती पडले पाहिजे आणि त्याची पावती झाली पाहिजे.

हे मी केवळ सहा मुलांच्या हौसेसाठी मागत नाही. आपल्या घरांकडे पाहा. मुले शाळेत इंग्रजी बोलतात, रस्त्यावर गुजराती, एकमेकांत हिंदी. आजीशी मराठी बोलतात, तीही मोडकीतोडकी. त्याच मुलांच्या तोंडून मराठी गाणे मात्र शुद्ध निघते. कारण चुकीचा शब्द चालीत बसत नाही. वाद्यवृंदातील ढोलकी वाजवणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नव्हते. गाण्यांची वही त्याने आधी गुजराती लिपीत उतरली, आणि आता तो बाळबोध लिपीत लिहू लागला आहे. जे काम आपले मराठीचे वर्ग करू शकले नाहीत ते पंचवीस गाण्यांनी केले. ही तालीम तारखेवाचून थांबली तर नुकसान त्यांचे थोडे आणि आपले अधिक होईल.

म्हणून तरुणांना म्हणतो, पंचवीस गाणी पाठ करा, वेळ पाळा, आणि ओळखीच्या दारापासून आरंभ करा. वडील मंडळींना म्हणतो, ते ओळखीचे दार आपलेच आहे. येत्या कोजागरीची तारीख पंचांगात ठरलेली आहे. कार्यक्रम ठरावयाचा आहे. अध्यक्षमहाराजांनी आजच ह्या मुलांच्या हातावर सुपारी ठेवावी, एवढी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.